रस्टिकेट

मैनाच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली तेव्हा ती खाली मान घालून पेपर लिहीत होती. चिठ्ठी मागच्या मुलीनं भिरकावलेली. तपासणीला आलेल्या माणसानं ती उचलली आणि मैनाची उत्तरपत्रिका ओढून घेतली.

"माझी नाही हो सर, अक्षर बघा ना," ती म्हणत राहिली. अक्षर कुणी बघितलं नाही. मागच्या मुलीनं मान वर केली नाही.

ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. काही दिवसांनी प्राचार्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं. निवृत्ती नाशिकच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता.

"मुलगी रस्टिकेट झालीय. विद्यापीठाचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही," प्राचार्य म्हणाले.

निवृत्तीला शब्द कळला नाही आणि विचारायची लाज वाटली. विसरू नये म्हणून घरापर्यंत तो तोंडातल्या तोंडात घोकत आला.

संध्याकाळी मैनाला आणि बायकोला, मालनबाईला, घेऊन तो गंगाधर सरांकडे गेला. सर कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांनी जाड डिक्शनरी काढली.

"मूळ अर्थ खेड्यात जाऊन राहणं. विलायतेत पूर्वी कॉलेजच्या पोरानं दंगा केला, की त्याला काही काळ गावाकडे धाडत. डोकं थंड झालं की पोरगा परत यायचा, शिक्षण पुढे चालू."

"म्हणजे परत घेतात?" निवृत्ती एकदम पुढे सरकला.

"तिकडे घेत. इथे तिला दोन वर्षं कुठल्याच कॉलेजात जाता येणार नाही. परीक्षासुद्धा नाही."

"गावाकडं कुठं धाडायचं हिला?" मालनबाई म्हणाली. "विंचूरला आमचं घर गावाबाहेर होतं, सर. ते सोडून आलो ते हिला शिकवायलाच."

सरांनी डिक्शनरी मिटून कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "मी अर्ज लिहून देतो."

अर्ज घेऊन निवृत्ती विद्यापीठात खेटे घालून आला, निर्णय बदलला नाही. मैना चिठ्ठी भिरकावणाऱ्या त्या मुलीच्या घरी गेली. दारात तिची आई होती. "तिचं लग्न ठरतंय. आता हे उकरून काढू नकोस, बाई."

कॉलनीतल्या बायका, आजाराचं नाव असावं तसा, तो शब्द मोडूनतोडून विचारायच्या. अशात मनमाडहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता.

"दोन वर्षं थांबा ना, आप्पा."

"थांबलो असतो गं. पण नंतर तरी घेतील, असं कोण सांगतंय?"

शिक्षा संपली त्या जूनमध्ये मैना कडेवर मुलगी घेऊन कॉलेजात आली. नवरा रजा काढून सोबत आला होता, त्यानंच फॉर्म भरायचा आग्रह धरला होता.

"जुना अभ्यासक्रम बंद झाला," खिडकीतला कारकून म्हणाला. "पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. हजेरी रोजची."

मनमाडहून रोज? नवऱ्यानं पुन्हा विचारलं, कारकुनानं पुन्हा तेच सांगितलं. मुलगी रडायला लागली. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मैनानं तिला पदराखाली घेतलं. बाजूच्या वर्गात कुणीतरी मोठ्यानं इंग्रजी वाचत होतं. ती ऐकत राहिली.

"गाडी चुकेल," नवरा हळूच म्हणाला.

मैनानं पदर सावरला आणि ती उठली.