श्वास घेणारं यंत्र
माझं यंत्र काडेपेटीएवढं आहे. आतला नखाएवढा पंखा खोलीतली हवा ओढतो, प्रकाशाचा बारीक किरण तिच्यातले धुराचे कण मोजतो आणि आकडा माझ्या मोबाईलवर येतो. हवा स्वच्छ असली की यंत्रावरचा दिवा हिरवा असतो, धूर वाढला की लाल होतो. जळगावच्या कॉलेजात आम्ही तिघांनी दोन वर्षं डोकेफोड करून ते बनवलं. सात घरांच्या स्वयंपाकघरांत ते लावून बघायचं ठरलं, तेव्हा सातवं घर मी हट्टानं माझं माहेर निवडलं.

कारण आईचा खोकला. चोपड्याजवळच्या आमच्या गावात पुष्पाबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, खापरावरच्या पुरणपोळ्या म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचत नाही. हातांवर फिरवत फिरवत ती पोळी कोपरापर्यंत पसरवते आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. मात्र वारा लागला की जाळ हलतो, पोळी एका बाजूनं कच्ची राहते. म्हणून वीस वर्षांपूर्वी चुलीमागची खिडकी विटा लावून बुजवली. आई खोकते ती तेव्हापासून.

खिडकी उघडा म्हणून मी वडिलांच्या, आबांच्या, कितीदा पाया पडले. पण आबांचा सगळा जन्म जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेलेला. काट्यानं दाखवल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. शेवटी त्यांनी शब्द दिला, की यंत्राचा दिवा लाल झाला तर स्वतः पहार घेऊन भिंत फोडीन.

मी चुलीजवळच्या खुंटीला यंत्र टांगलं. आईनं कान लावून ऐकलं आणि हे आत घूं घूं काय करतं म्हणून विचारलं. माझी एसटी निघायची होती. श्वास घेतंय ते, म्हटलं आणि पळाले.

पंधरा दिवस आकडे येत राहिले. बाकी सहा घरांत स्वयंपाकाच्या वेळी आकडा पाचशेच्या वर उडी मारायचा. आमच्या घरी एरवी चाळीस, आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळी पंचवीस! माझ्याबरोबर काम करणारा भूषण म्हणाला, यंत्र बिघडलंय. आबांनी तर फोन करून कळवलं की काटा बोलला, तुझ्या आईला धूरबीर काही नाही, नुसती सर्दी आहे. माझा असा तिळपापड झाला की विचारू नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतातच. मी न कळवता दोन दिवस आधीच गेले. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर आबा, त्यांच्या शेजारी उशी आणि उशीवर माझं यंत्र. दिवा हिरवागार. आतून धुराचा लोट येत होता आणि त्या लोटात आई खोकत होती.

मी यंत्र उचलून आत गेले आणि हे बाहेर कसं म्हणून विचारलं.

"चूल पेटनी का मी त्याले बाहेर लई येस," आई म्हणाली. "इतलंसं शे ते, श्वास लेस. धूरमा त्याना जीव कोंडाई जाई."

"आणि तुझा?"

"माले काय व्हई? माले सवय शे."

मला राग आला आणि रडूही आलं. दारात आबा येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं; यंत्र रोज ओसरीवर का येतं, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. मी माझ्या ओढणीची पिन काढली आणि यंत्र आईच्या पदराला, खांद्यापाशी, पक्कं लावून टाकलं. आता हे इथंच राहील, एवढंच सांगितलं.

आई पुन्हा चुलीपुढे बसली. पहिली पोळी झाली, दुसरी झाली. तिसरी खापरावर पडली आणि यंत्र पी पी करायला लागलं. दिवा लालभडक, आकडा सहाशे चाळीस. मी मोबाईल आबांच्या डोळ्यांसमोर धरला. तोवर आई पोळी तशीच टाकून उठली आणि यंत्रावर तळहात झाकून लगबगीनं ओसरीवर गेली.

झोपाळ्यावर बसून ती त्याला फुंकर घालत राहिली. हळूहळू दिवा पिवळा झाला, मग हिरवा. तिचा खोकलाही थांबला होता, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

"आते बरं वाटस त्याले," ती म्हणाली.

आबा गोठ्यात गेले होते. आतून करपल्या पोळीचा वास आला, आणि मागोमाग विटांवर पहारीचा पहिला घाव बसला.