एकशे ऐंशी वाक्यांचा रहाट

मित्रांनो, चुकीचं इंग्रजी वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात कधी निघालेलं नाही. भल्याभल्यांना हे जमत नाही. मला जमतं, आणि मी तर एक जुना लाकडी रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, वाक्यांचा. एका चौकटीत माझे तीन रूळ बसवलेत. प्रत्येकाला सहा बाजू आणि एक मूठ. पहिल्या रुळावर कोण, दुसऱ्यावर काय करतंय, तिसऱ्यावर कुठे. कसेही फिरवा, तीन बाजू एका ओळीत आल्या की वाक्य तयार. लोक रोज जे इंग्रजी बोलतात ते बहुतेक अशाच साच्यातून निघतं, असं आमचे सर सांगायचे. साचा पक्का असला की आत काय भरलंय ते बघत बसायचं नाही, असंही सांगायचे.

आता खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटलो. उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी मुठी फिरवल्या आणि मी चारचौघांत म्हणालो, 'आय इज ईटिंग अंडर द टेबल.' सरांचा चेहरा उतरला. 'आय'च्या मागे 'इज' चालत नाही म्हणे. दुसरा रूळ नवा करायला वेळ कुणाला होता? सरांनी सुताराला बोलावून 'आय'च खरवडून टाकला. पहिल्या रुळाची एक बाजू कोरी राहिली. तेव्हापासून माझी एकशे ऐंशी वाक्यं उरली. सगळी बरोबर. फक्त एकातही 'मी' नाही.

माझा जन्म कँटीनच्या मोडक्या टेबलाच्या पायांतून झाला. तीन पायांचे रूळ झाले, चौथ्याची सरांनी छडी करून घेतली. मला टांगलं एका धुलाई कारखान्यातल्या शिकवणीच्या खोलीत. तिथे इस्पितळांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. धुणं, खळ, इस्त्री, सगळं वाफेवर चालायचं आणि वाफ यायची मामाकडून. मामा म्हणजे बॉयलर. सकाळी उशिरा तापायचा, दिवसभर कुरकुरायचा, आणि सगळ्यांना त्याच्या कलाने घ्यावं लागायचं, म्हणून त्याला मामा म्हणायचे. 'मामा चिडलाय' म्हटलं की वाफेचा दाब वाढलाय हे झाडूवालीलाही कळायचं.

मग मालक बदलले. नवे मालक समुद्रापलीकडे राहायचे. त्यांनी नियम काढला की तक्रार असेल तर वहीत लिहायची, इंग्रजीत लिहायची आणि पूर्ण वाक्यात लिहायची. कामगार लिहायला लागले तर वहीचं जे काही झालं ते बघून सरांना घाम फुटला. त्यांनी स्वतःचा एक नियम जोडला. माझ्या रुळांवर जुळतील तेवढीच वाक्यं वहीत उतरवायची, म्हणजे कारखान्याची अब्रू राहील. रोज संध्याकाळी कारखान्याचे साहेब वही तपासायचे आणि वाक्य बरोबर असलं की लाल शाईने खूण करायचे. एकदा इस्त्रीवाल्या बायकांनी मुद्दाम लिहिलं, 'द बॉस इज स्लीपिंग अंडर द टेबल.' साहेबांनी खूण केली आणि पुढे 'गुड' लिहिलं. बायका आठवडाभर हसत होत्या. मीही मनातून फुगलो होतो. आता त्याची लाज वाटते.

बॉयलरवर जो माणूस होता त्याला सगळे दादा म्हणायचे, कारण त्याची धाकटी बहीण इस्त्रीवर होती आणि ती दिवसभर 'दादा, दादा' करायची. अकरा वर्षं त्याने मामाला सांभाळलं. सकाळी आल्यावर आधी त्याच्या पोटाला कान लावायचा, मग डबा ठेवायचा. एका सकाळी त्याने कान लावला आणि डबा हातातच राहिला. जादा वाफ बाहेर सोडणारी झडप गंजून अडकत होती. आग विझवून ती बदलायला हवी होती, पण लेखी हुकुमाशिवाय आग विझवायची नाही, असा नियम होता. आणि हुकूम हवा तर वहीत तक्रार.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात पुसले. माझ्यावर बॉयलर नव्हता, झडप नव्हती, वाफही नव्हती. त्याने रूळ फिरवले आणि लिहिलं, 'माय अंकल इज अँग्री इन द किचन.'

'किचन कशाला लिहिलंस, दादा? तिथे चहा उकळतोय का?' बहीण म्हणाली.

'बॉयलरची खोली रुळावर नाही. आग असते ते किचन. साहेब शिकलेले आहेत, लावतील अर्थ.'

'टेबलाखाली झोपवलं तेव्हा लावला होता का?'

साहेबांनी खूण केली. गुड.

मग दादा सरांकडे गेला. 'सर, ती एक बाजू कोरीच आहे. तिथे बॉयलर लिहून द्या की.'

'पहिल्या रुळावर माणसं आणि प्राणी येतात. वस्तू दुसऱ्या सत्रात.'

'मामा तोवर थांबायला पाहिजे ना.'

'मामा आजारी आहेत का? मग डॉक्टरला दाखवा. अंगावर काढू नका.' सर मनाने वाईट नव्हते.

दादा रोज लिहीत राहिला. मामा थरथरायला लागला तेव्हा लिहिलं, 'माय अंकल इज डान्सिंग इन द किचन.' झडपेतून शीळ यायला लागली तेव्हा लिहिलं, 'माय अंकल इज सिंगिंग इन द किचन.' चाळीस दिवस, चाळीस वाक्यं. एकही चूक नाही. शेवटी बहीण इस्त्री सोडून थेट साहेबांच्या खोलीत शिरली. ती खोली माझ्या समोरच होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

'साहेब, मामा म्हणजे बॉयलर. झडप अडकलीय. माझा भाऊ रोज तेच लिहितोय.'

'ताई, तोंडी सांगितलेलं पुढे जात नाही. वहीत लिहा.'

'वहीतच लिहिलंय.'

'मग झालं तर.'

चाळिसाव्या वाक्यानंतर साहेबांनी दादाला महिन्याचा उत्तम विद्यार्थी ठरवलं. दुपारी तीनला माझ्यासमोर खुर्च्या मांडल्या. सरांनी टाय घातला होता. भिंतीपलीकडे मामाची शीळ एवढी वाढली होती की साहेबांना भाषण ओरडून करावं लागलं. 'तुमचे मामा बरे आहेत ना आता?' त्यांनी प्रमाणपत्र देताना विचारलं. दादाने प्रमाणपत्र घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, 'साहेब, सगळ्यांना बाहेर काढा.' उत्तराची वाट न बघता तो बहिणीला म्हणाला, 'तू बायकांना घेऊन फाटकाबाहेर जा. मी भट्टीतली आग बाहेर ओढतो.'

'तू पण चल.'

'आलोच.'

चौदा बायका फाटकाबाहेर पोचल्या. सर पोचले, साहेब सगळ्यात आधी पोचले. तीन वाजून दहा मिनिटांनी मामाचं झाकण उडालं आणि मामा भिंत फोडून बागेत जाऊन पडला. दादा आतच राहिला. माझ्या चौकटीला तडा गेला. तीन दिवस माझ्यावरून चुना गळत होता आणि पुसायला कुणी आलं नाही.

चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बॉयलर हा शब्द कुठेच नव्हता. मामा मात्र पानोपानी होता, चिडलेला, नाचणारा, गाणारा. बहीण सांगायला गेली तर तिला म्हणाले, 'लेखी असेल तर द्या.' अहवालात त्यांनी लिहिलं की, मयत कामगार घरातल्या एका भांडखोर मामामुळे फार दिवस तणावात होता आणि त्यामुळे त्याचं कामावर लक्ष नव्हतं. कारखान्याचा दोष नाही.

भावाचं नाव असं चिखलात लोळलेलं तिला बघवेना. ती खळीची वाटी घेऊन माझ्यासमोर आली. मला पुसलं. एका कागदावर ठळक अक्षरात 'द बॉयलर' लिहिलं आणि खळ लावून माझ्या कोऱ्या बाजूवर चिकटवलं. सर दारात उभे होते. हातातली छडी त्यांनी कोपऱ्यात ठेवून दिली. मग तिने रूळ फिरवायला घेतले. आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी किती मुका आहे. जे होऊन गेलं ते सांगणारा शब्द माझ्या एकाही बाजूवर नव्हता. 'फुटला' नव्हतं, 'सांगितलं होतं' नव्हतं, 'मेला' नव्हतं. माझ्याकडे नुसतं खाणं, झोपणं, गाणं, नाचणं, चिडणं आणि आनंदी असणं. ती तासभर फिरवत होती. शेवटी खिडकीतून बघून तिने त्यातल्या त्यात खरं ते लिहिलं, 'द बॉयलर इज स्लीपिंग इन द गार्डन.' आता तरी कुणीतरी 'का?' म्हणून विचारेल असं तिला वाटलं.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. तुमच्याकडे शिकवणीला माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला जपा, पुसा, त्याचे साचे घोटून पाठ करा, मला वाईट वाटणार नाही. पण समोरचा माणूस घाबराघुबरा होऊन काही सांगत असेल तर आधी त्याच्याकडे बघा. वाक्य नंतर तपासा.

बहिणीचं वाक्य समुद्रापलीकडे पोचलं. मालकांनी वाचलं आणि कळवलं की, बॉयलर बागेत नुसता पडून असेल तर नवा घ्यायची गरज नाही, त्याला आत आणून कामाला लावा. मामाला दोरखंडांनी ओढत आत आणलं, झाकण सांधून बसवलं आणि झडप तीच ठेवली. तो एका बाजूला कलत होता, म्हणून माझा तिसरा रूळ काढून त्याच्याखाली पाचर मारली. गुरुवारी सव्वाअकराला मामा गायला लागला. नव्या बॉयलरवाल्याने वहीत तसं लिहिलं. साहेबांनी खूण केली.