रत्नाबाईची बुडी

लक्षद्वीपला जायचं ठरलं तेव्हा कृष्णातनं आईचं काम आधीच ठरवून टाकलं. बाकीचे पाण्याखाली प्रवाळ बघायला गेले की तिनं किनाऱ्यावर सावलीत बसायचं. तिथं समुद्रात एक जुनं जहाज बुडून पडलंय, त्याच्या गंजक्या पत्र्यावर प्रवाळ उगवलंय. सुनेच्या मोबाइलवर रत्नाबाईनं ते पाहिलं आणि जागेवरच सांगून टाकलं, "मी पण खाली जाणार."

"आई, सहासष्ट वर्षं झाली तुला."

"मग? ते जहाज काय पंचविशीतलं आहे?"

डॉक्टरनं तपासून हो म्हटलं. पाण्याखाली उतरायला शिकवणारी कानडी भव्या म्हणाली, आधी इथं शहरातच जे. पी. नगरच्या स्विमिंग पूलमध्ये जमलं पाहिजे, मगच समुद्र. पूलच आईला घरी पाठवील, अशी कृष्णातची खात्री होती.

आणि तसंच व्हायला लागलं. रत्नाबाई निपाणीकडची, लहानपणी विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणारी. तिथं जास्त वेळ दम कोंडून धरील तो मोठा. तीच खोड इथं नडली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, तरी पाण्यात शिरली की ही छाती फुगवून गप्प. भव्या दरवेळी तिला खांद्याला धरून वर आणायची.

"अज्जी, दम धरायचा नाही. धरून वर आलात तर फुफ्फुस फाटेल. बुडबुडे थांबता कामा नयेत."

"अगं, लहानपणची सवय. जाता जात नाही."

"आज शेवटचा दिवस. नाही जमलं तर मी समुद्रात नेणार नाही."

काठावर कृष्णात टॉवेल घेऊन तयारच होता. "पुरे गं आई हट्ट. हॉटेलात झोपाळा आहे म्हणे, मस्त बस."

झोपाळ्याचं नाव निघालं आणि रत्नाबाईचं डोकं सणकलं. नळी दातांत धरून ती खाली गेली ती लेकाला शिव्या देतच. झोपाळ्यावर तू बस, तुझ्या सासऱ्याला बसव! शब्द काही कुणाला कळत नव्हते, पण बुडबुडे भराभरा वर जात होते. आणि पुढची शिवी द्यायची तर मध्ये श्वास घ्यावाच लागत होता. भव्यानं तिला तळाशी गुडघ्यांवर बसवलं, चष्मा काढून परत घालायला लावला, आत शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढायला लावलं. रत्नाबाईनं सगळं केलं. तोवर ती कृष्णातच्या दहावीच्या मार्कांपर्यंत पोचली होती.

वर आल्यावर भव्या हसू दाबत म्हणाली, "सरी, ठीक आहे अज्जी, जमलं. पण खाली एवढं काय बोलत होतात?"

"घरचं."

"जहाजापाशी पण असंच बोला."

कृष्णातनं टॉवेल पुढं केला. "झालं ना समाधान? आता तरी ऐक. समुद्र म्हणजे पूल नव्हे. लाटा असतात, मासे चावतात..."

रत्नाबाईनं टॉवेलला हातसुद्धा लावला नाही.

"बोल, अजून बोल," ती म्हणाली. "तेवढीच आणखी एक बुडी होईल."

नळी तोंडात घातली आणि परत खाली गेली.