दिसणारा दम

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा कुणाचा काडीइतका विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो, “पण पॅरिसच्या त्या लोखंडी मनोऱ्याखाली मी एका चढाईत सात गोरे बाद केले. सातच्या सात. आठवा पळून गेला.”

“आठवा कुठसून...” सदूच्या तोंडून निघालंच. मी त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं. कबड्डीत एका बाजूला सातच गडी असतात हे शेंबड्या पोराला माहीत. म्हणून तर आठवा घातला होता. पण तो सदूसाठी नव्हता.

ठरलंच होतं तसं. संध्याकाळी सदू, भागोजी आणि मी अशा कबड्डीच्या जुन्या गड्यांनी लवूच्या ओटीवर जमायचं, मी युरोपच्या गोष्टी सांगायच्या आणि मध्ये कुणी म्हणजे कुणी तोंड उघडायचं नाही. माझं खोटं पकडायचा हक्क लवूचा.

लवू आरामखुर्चीत होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. डोळे समोरच्या कलमाच्या मोहोरावर. ऐकतोय की नाही, देव जाणे.

एसटीत मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. उभी नोकरी एकाच गाडीवर काढली म्हणा ना. त्याने घंटी दिल्याशिवाय मी गाडी हलवली नाही आणि मी हॉर्न दिल्याशिवाय त्याने चहा संपवला नाही. सुट्टीच्या दिवशी कबड्डी. त्यात मी चढाईला आणि लवू पंच. चढाईवाल्याने एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, गडी शिवायचे आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं. खेळ एवढाच. पण श्वास तुटला कधी, हे ठरवायला लवूचे कान लागत. दोन गावं बोंबलत असली तरी तुटलेला दम त्याला बरोबर ऐकू यायचा. हात वर करून तो ओरडायचा, “दम गेला!” संपलं. देवाने अपील केलं तरी निकाल फिरायचा नाही.

कँटीनमध्ये माझ्या गप्पा रंगात आल्या की तिथेही तेच. मी वाघ मारून शेपटीला हात घालतो तोवर पलीकडच्या टेबलावरून, “श्रीपती, दम गेला!” सगळं कँटीन हसायचं आणि मला वाघ तिथेच सोडावा लागायचा.

दिवाळीनंतर मुलाने मला आणि माझ्या बायकोला, कमळीला, रॉटरडॅमला नेलं. तो तिथे बंदरावरच्या एका कंपनीत आहे. चार महिने राहिलो. तेवढ्यात इकडे लवूला अर्धांगाचा झटका आला. परदेशात जिवाला घोर नको म्हणून मला कुणी कळवलं नाही. मी आपला त्याच्यासाठी चॉकलेटं घेऊन आलो, तर हा असा.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, “आता बोलायला हरकत नाही. पण ते प्रयत्नच करत नाहीत. असेच दिवस गेले तर मग अवघड आहे.”

मथुरावहिनी मला पडवीत गाठून म्हणाल्या, “भावजी, माज्याशी बोलत नायत, पोराशी बोलत नायत. पेज भरवली तर गिळतात, तेवढंच. तुमी तरी भांडायला उठवा त्यांना. भांडल्याशिवाय तुमचा दोघांचा दिवस कदी गेला होता काय?”

म्हणून हा सगळा तमाशा. आज तिसरी संध्याकाळ.

खरं विचाराल तर युरोपात मी नातीची गाडी ढकलली. घरापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून घरापर्यंत. पॅरिस बसमधून पाहिलं आणि निम्म्या वेळी डुलकी लागली होती. कबड्डी म्हणजे खायचं की प्यायचं हे तिथे कुणाला ठाऊक नाही. चार महिने माझी जीभ नुसती आंबली. खोटं बोलायला ऐकणारा लागतो, आणि पकडणारा तर लागतोच लागतो.

“हॉलंडमधले लोक म्हणजे माड,” मी पुढे निघालो. “त्यांचा घोटा माझ्या गुडघ्याशी. पकड करायची तर वाकायचं नाही, सरळ उभ्याने हात लांब करायचा. आणि जमीन समुद्राच्या खाली! अर्धा खेळ झाला की पंच शिट्टी मारायचा, सगळ्यांनी बादल्या घ्यायच्या, मैदान उपसायचं, मग उरलेला अर्धा.”

भागोजीने पंच्याचा बोळा तोंडात धरला होता. त्याचे खांदे हलत होते.

लवू मोहोराकडेच.

“मग आम्ही गेलो स्वित्झर्लंडला. बर्फावर कबड्डी! रेषा आखायला चुना नाही. मग कमळीने इथून नेलेली हळद काढली. पांढऱ्या बर्फावर पिवळ्या रेषा, लग्नघरच ते. गोरे हळद ओलांडायच्या आधी टोप्या काढत होते.”

“माझी हळद?” कमळी आतून म्हणाली. ती वहिनींबरोबर आमसुलं निवडत होती.

“तू गप गो.”

काही नाही. लवूच्या पापणीलासुद्धा काही नाही. सदूने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. म्हणजे, राहू दे आता. भागोजीनेही तोंडातला पंचा काढून मांडीवर पसरला. हसू येत नसेल तर त्याची गरज काय? मला पहिल्यांदाच भीती वाटली. लवूला ऐकूच येत नसेल, की ऐकून न ऐकल्यासारखं करण्याइतका तो कंटाळला असेल?

मग मी ठेवणीतलं काढलं. ते काढायचं नाही असं मी ठरवलं होतं.

गुहागरच्या वाळूतली फायनल. आमची गाठ अंजनवेलशी होती. नेमलेला पंच आलाच नाही, तेव्हा अंजनवेलवालेच म्हणाले, “लवू तुमचा असला तरी चालेल आमाला.” आमचा मी एकटा उरलेलो, ही शेवटची चढाई. दोघांना शिवलो, मागे वळलो, मधली रेषा हातभर राहिली आणि लवूचा हात वर. “दम गेला!” कप होडीत बसून अंजनवेलला गेला. आठ दिवस मी लवूशी बोललो नाही, नुसती घंटी ऐकून गाडी चालवली. त्यानंतर आमच्या गाडीतल्या उतारूंनी हा वाद इतकी वर्षं ऐकला की काहींना तो पाठ झाला. मी म्हणायचो, गेला नव्हता. तो म्हणायचा, गेला होता.

“त्या स्वित्झर्लंडात एक गंमत आहे,” मी आवाज उतरवून म्हणालो. “थंडी अशी की माणूस बोलला की तोंडातून वाफ निघते. त्यामुळे तिथे पंचाला कान लागतच नाहीत. वाफ आहे तोवर दम आहे. वाफ तुटली, दम तुटला. दम डोळ्यांनी दिसतो! आणि पंच कोण? एक म्हातारा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावलेलं.”

मी खुर्ची लवूच्या समोर ओढली. आता मोहोर माझ्या टकलाआड गेला.

“त्याला मी गुहागरची सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, तीच चढाई पुन्हा करतो, तेवढीच लांब, तशीच दोघांना शिवून. तू बघ. त्याने भिंग लावलं. मी केली चढाई. वाफ रेषेपर्यंत अखंड! दोऱ्यासारखी! घड्याळजी म्हणाला, तुमचा रत्नागिरीचा पंच चुकला. त्याचे कान फुटले असतील.”

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

लवूचे डोळे माझ्यावर आले. तिथेच थांबले.

“लवू, दम गेला नव्हता,” मी म्हणालो. “स्वित्झर्लंडने सांगितलंय.”

त्याचा ओठ एका बाजूने ओढला गेला. गळ्याची शीर उठली. डावा हात खुर्चीच्या दांडीवरून सुटला, वर निघाला, खांद्यापर्यंत आला, तिथे अडला, आणि मग डोक्यावर गेला.

“गे...” लवू म्हणाला. लाळ हनुवटीवर आली. वहिनी पुढे धावल्या, त्यांना भागोजीने हाताने अडवलं.

“गेला... व्हता.”

मी वाद घातला नाही. उठलो, अंगणातली माती कपाळाला लावली आणि बाद झालेल्या गड्याने बसायचं असतं तसा अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर जाऊन उकिडवा बसलो. लवूचा हात अजून वरच होता.