एका बाटलीत दोघी

त्या दिवशी सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. नवरा म्हणाला, "अगं, इंजेक्शनला उपाशी पोटी जायचं नसतं." मी म्हटलं, "सांगायला तुझं काय जातंय?" खरं तर सगळं त्याचंच जात होतं, म्हणून त्या बिचाऱ्याने माझा चहाही स्वतःच पिऊन टाकला.

माझ्या कॅन्सरच्या औषधाची एक बाटली म्हणजे आमच्या दोघांचे मिळून दोन महिन्यांचे पगार. मी छापखान्यात पुस्तकं बांधते, नवरा एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो. दर एकवीस दिवसांनी एक बाटली, असं वर्षभर घ्यायचं. पहिल्या चार बाटल्यांत आमची साठवण गेली, माझे दागिने गेले, दिराने गाडीसाठी बाजूला काढलेले पैसे गेले, आणि जाऊ माझ्याशी इतकं गोड बोलायला लागली की मी तिच्यासमोर जायचंच टाळू लागले.

चौथ्या वेळी मी सिस्टरला उरलेलं औषध फेकून देताना पाहिलं. डोस वजनावर असतो. माझ्यासारख्या शिडशिडीत बाईला बाटलीतलं साधारण निम्मंच लागतं, आणि उघडलेली बाटली तिथे ठेवत नाहीत. एका महिन्याचा पगार डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. मी तोंडाला येईल ते बोलले. सिस्टरने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यासारखीच अजून एक आहे. दोघी एकाच दिवशी आलात तर एका बाटलीत भागेल. फक्त दोघींचं मिळून वजन एकशे दहाच्या आत हवं. वर गेलं की दुसरी बाटली उघडावी लागेल."

ती दुसरी म्हणजे बसमधली कंडक्टर. मोठ्या आवाजाची, अंगावर कायम खाकी शर्ट, कामावरून थेट यायची आणि इंजेक्शन घेऊन परत कामावर जायची. आमच्या दोघींचीही छातीची डावीच बाजू काढलेली. "एकीची उजवी असती तर दोघी मिळून एक अख्खी बाई झालो असतो," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली, आणि ती मला आवडली. तिचा नवरा कधीच निघून गेला होता. घरी म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. ती मला 'बाइंडर' म्हणायची, मी तिला 'कंडक्टर'.

तेव्हापासून काट्यावर चढायच्या आधी आम्ही बांगड्या काढायचो, घड्याळं काढायचो, चपला काढायचो. मी तर केसांतल्या पिनासुद्धा काढायची. लोकांच्या बायका लग्नकार्यासाठी बारीक होतात, आम्ही बाटलीसाठी. माझं छप्पन्न, तिचं त्रेपन्न. पाच वेळा निभावलं. अजून नऊ राहिल्या होत्या.

पण इंजेक्शनसोबतच्या गोळ्यांनी मी फुगायला लागले. आधी चेहरा, मग पावलं. मी रात्रीचं जेवण सोडलं, मग दुपारचं निम्मं केलं. छापखान्यात छापील कागदांच्या फर्म्यांची चळत उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण काटा काही खाली यायचा नाही. त्या सकाळी घरच्या काट्याने अठ्ठावन्न दाखवलं. अठ्ठावन्न आणि त्रेपन्न एकशे अकरा. मी पाच वेळा बेरीज केली. बेरीज तरी कशाला चुकेल?

दुसरी बाटली घ्यायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं. नवऱ्याने आदल्या आठवड्यात आमच्या मुलीचा क्लास बंद केला होता आणि तिला सांगितलं होतं की मास्तर चांगले शिकवत नाहीत. तिने हूं की चूं केलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. बाटली नाही तर डोस नाही, आणि डोस नाही तर कॅन्सर परत येणार. मला मरायची भीती वाटत होती. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगितलं की सगळे धीर देतात, आणि धीराने काही होत नाही.

वजनाची खोली लहान होती. काटा, टेबल, खिडकी, भिंतीवर हात धुण्याची पद्धत दाखवणारं चित्र. मी चढले. अठ्ठावन्न पूर्णांक चार. कंडक्टर चढली. त्रेपन्न पूर्णांक एक. सिस्टरने बेरीज केली, पेन खाली ठेवलं.

"दीड किलो जास्त होतंय, ताई."

"दीड किलोने काय होतंय?" मी म्हणाले.

"औषध कमी पडेल. मी मनाने कमी नाही देऊ शकत. थांबा, फार्मसीत छोटी बाटली आहे का विचारून येते."

ती गेली. छोटी बाटली नसते, हे मला माहीत होतं, मी आधीच विचारून ठेवलं होतं. "कंडक्टर, माझं संपलं," मी म्हणाले. "मी नाही आणू शकत आता. कुठून आणू? काय विकू?"

"रडू नको. दार लोट."

मी दार लोटलं. तिने पाठ वळवून खाकी शर्टाची खालची बटणं काढली आणि कमरेचा एक कापडी पट्टा सोडला. तो खिडकीत ठेवला तेव्हा खण् असा आवाज आला. पट्टा जाड दोऱ्याने शिवलेला होता. दोरा माझ्याच छापखान्यातला; पिशवी शिवायची म्हणून तिने मागून नेला होता. आत नाणी होती. तिकिटांची सुट्टी नाणी, खच्चून भरलेली.

ती पुन्हा काट्यावर चढली. अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ.

मी पटकन बेरीज केली. एकशे सात! भागत होतं. मी हसले. खरंच हसले, तिच्या खांद्यावर थाप मारली. "चोरटे! इतके दिवस..."

आणि मग मला पुढचं सुचलं. वजन कमी दाखवायला कुणी नाणी बांधत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. आधी किलोभर पुरत होती. आता चार लागतात."

"तू जेवत नाहीस का? माझ्यासाठी कमी खातेस का?"

"कसलं कमी? आईच्या ताटातलंही मीच संपवते. तरी उतरतंय." ती शर्टाची बटणं लावत होती. शर्ट आता अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. "पाठ दुखते. पण एवढा वेळ उभं राहून कुणाची दुखत नाही? वजन उतरलेलं दिसलं की डॉक्टर तो सगळ्या अंगाचा मोठा फोटो काढायला लावतात. त्याचे पैसे माझ्याकडे नाहीत. आणि फोटोत काही निघालं तर हे औषध बंद, दुसरं त्याच्या तिप्पट महाग. शिवाय माझं बंद झालं की तुझंही झालंच. तेव्हा गप्प बस."

तिने पट्टा पिशवीत टाकला तेवढ्यात सिस्टर आली. छोटी बाटली नव्हती. कंडक्टर म्हणाली, "अहो, मघाशी गळ्यात कामाची बॅग राहिली होती. परत बघा बरं." ती पुन्हा चढली. सिस्टरने काटा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मागचं पान उलटून पाहिलं. "बारीक दिसताय," ती म्हणाली.

"डाएट चालू आहे."

सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, अगदी तोंडात. मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले.

आम्हाला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवलं. सिस्टरने आमच्यासमोर बाटली उघडली, दोघींचं औषध मोजून काढलं. आधी कंडक्टरला सुई लावली, मग मला. माझी शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा टोचल्यावर सापडली. नळीतून पहिला थेंब उतरला, दुसरा उतरला, हात गार लागायला लागला.

तेव्हा मी म्हणाले, "सिस्टर, हिचं वजन दोन महिने खोटं आहे. ही कमरेला नाणी बांधते, पट्टा तिच्या पिशवीत आहे. ही डाएट करत नाही. हिची पाठ दुखते. डॉक्टरांना बोलवा."

सिस्टरने कंडक्टरच्या पिशवीत हात घातला, पट्टा उचलून पाहिला आणि धावत गेली.

कंडक्टर छताकडे बघत होती.

"सांगायचं कधी ठरवलंस?"

"तू पट्टा सोडलास तेव्हाच."

"आणि सुई लागेपर्यंत थांबलीस."

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. "मला भीती वाटली."

बाहेर डॉक्टरांचा आवाज आला, सिस्टर त्यांना भराभर काहीतरी सांगत होती. कंडक्टरने मान वळवून माझ्या नळीकडे पाहिलं, औषध नीट उतरतंय ना ते बघितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "ही बाटली तरी मिळाली तुला."

त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं.