पुलाच्या पायातली खूण

मी खूण बोलतेय. मला नुसता दगड म्हणू नका. दगड नाल्यात ढिगानं पडलेत. माझ्या छातीवर एक आडवी रेघ आहे आणि तिला खालून टेकलेला बाण. एरंडोलकडच्या खडकी नाल्यावर जुना पूल आहे, त्याच्या भिंतीत मला बसवलं. ज्या साहेबानं दुर्बीण लावून माझी जागा ठरवली त्याचं नाव मला ठाऊक नाही. कोरणारा इथलाच पाथरवट होता. ही रेघ समुद्रापासून किती उंच, ते मोजत मोजत माणसं इथवर आली होती. समुद्र मी कधी पाहिला नाही. तरी त्याचं माप माझ्या अंगावर आहे याचा मला गर्व होता, आणि गर्व करायला मी कोणाला विचारत नाही.

पुलाच्या दोन्ही टोकांना चिंचा लावल्या होत्या. त्या वाढल्या, फांद्या एकमेकींत शिरल्या आणि पुलाला छप्पर झालं. भर उन्हात बैलगाडी पुलावर आली की गाडीवान कासरा ढिला सोडायचा. मी मात्र खाली, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, चिखलाच्या शेजारी. मला तिथंच असायचं होतं.

कारण नाल्याच्या काठावर गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांची आळी आहे. साहेब गेले, त्यांचे कागद गेले, पण आळीनं मला कामाला लावलं. पाऊस लागला की कोणीतरी यायचं आणि बघायचं, पाणी बाणाला लागलं का. लागलं की कापूस, पोरं, म्हातारी माणसं लोटगाडीवर घालून शाळेकडे चढायचं. माझी रेघ आणि त्यांचे उंबरे यांच्यामध्ये एक बिऱ्हाड हलवण्याइतकी उसंत होती. मी त्यांना कधी फसवलं नाही.

आळीतलं सगळ्यात खालचं घर ताजबीचं. दार माझ्या समोर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दारात उभी राहून मला बघायची. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी तिला दिसेनाशी झाले. बाकी कोणी पाहून सांगायचं, ती ऐकायची.

मग हौशी लोकांचे रविवार सुरू झाले. धुळ्याहून, जळगावहून गाड्या यायच्या. चिंचांच्या छपराखाली उभं राहून फोटो, डब्यातली पुरी-भाजी, आणि जुन्या मोजणीच्या खुणा शोधायचा नाद. त्यांचे म्होरके अभिमन सर, धुळ्याच्या देवपुरातले. माणूस वाईट नाही. गुडघे टेकून त्यांनी दात घासायच्या ब्रशनं माझं शेवाळ काढलं. मला वाचणारा इतक्या वर्षांनी भेटला म्हणून मी सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

गेल्या उन्हाळ्यात पुलाची डागडुजी निघाली. तेव्हा सर गवंड्याला म्हणाले, "एवढी मोलाची वस्तू चिखलात नको. काढून वर बसवू."

गवंडी धनसिंग पहारीला टेकून म्हणाला, "कितली वर लेऊ?"

"उभ्या माणसाबरोबर फोटो येईल इतकी."

"मंग तिले देवच करी टाका ना. नारळ मी आनस."

सगळे हसले. "जागेची नोंद आहे माझ्या मोबाईलमध्ये," सर म्हणाले. अहो सर, ज्यांना माझी जागा लागत होती, ती माणसं तुमच्या मोबाईलमध्ये राहत नव्हती.

मला पहारीनं उपटलं आणि त्याच भिंतीत छातीइतक्या उंचीवर बसवलं. जुन्या भोकात सिमेंट भरलं. रेघेत लाल रंग भरला. त्या दिवसांत ताजबी सावद्याला होती, तिच्या साकिबसाठी मुलगी बघायला. परत आली ती नौशीन नावाची सून ठरवून. आळीतल्या प्रत्येकाला वाटलं, ताजबीला दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. त्या पावसाळ्यात नाला चढलाच नाही, म्हणून विषयही निघाला नाही.

यंदाच्या पावसाळ्यात ताजबीचा नवरा, नूर महंमद, अर्धांगानं बाजेवर होता. त्या दुपारी साकिब धुळ्याला गेलेला. पाऊस थांबेना. नौशीन पदर डोक्यावर धरून माझ्यासमोर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. इतकं नीट मला त्या हौशी लोकांनीही पाहिलेलं नाही.

ताजबीनं दारातून हाक दिली, "बाण को लगा क्या?"

"नहीं अम्मी, अभी बहुत नीचे है. पर पानी जोर का है. निकलें क्या?"

"बाण को लगने दे बेटा. तेरे अब्बा को खाली-पीली क्यों भिगाना."

नौशीन घुटमळली. मग नव्या सुनेनं जे करायचं ते केलं, सासूचं ऐकलं.

पाणी माझ्या जुन्या जागेवरून, त्या सिमेंटच्या ठिगळावरून गेलं. मी वर कोरडी होते. तोंड असतं तर फोडून घेतलं असतं. पाणी मला लागायच्या आत ताजबीच्या घरात शिरलं. बाजेवरच्या माणसाला उचलायला दोघी पुरल्या नाहीत. वरच्या आळीतली माणसं दोर घेऊन आली तेव्हा त्या दोघी छपरावर होत्या आणि नूर महंमद खाली.

खूण हलल्याचं घरात माहीत असेलच, असं धरून आळीनं ठरवून टाकलं, नव्या पोरीनं नीट पाहिलं नाही. फोनमध्ये डोळे असतील. ताजबीनंही तेच धरलं. नूर महंमदचा चाळिसावा झाला आणि साकिब नौशीनला सावद्याला, तिच्या माहेरी, सोडून आला. जाताना ती पुलावरून गेली. एकदा वाकून तिनं माझ्याकडे पाहिलं. आपलं काय चुकलं, ते तिला अजून कळत नव्हतं.

त्यानंतर एक दिवस ताजबी शेजारच्या भिकुबाईचा हात धरून माझ्यापाशी आली. मला शिव्या द्यायच्या असतील. ती वाकली, गुडघ्याजवळ हात फिरवला. हाताला सिमेंट लागलं. भिंत चाचपत हात वर आला, आणखी वर आला, आणि तिच्या बोटांना बाण लागला.

"ही इथं कधी आली, भिकु?"

"वरीस व्हई गयं ना अक्का. फोटोकरता वर लिधी. तुले कोणी सांगं नही?"

"तू सांगितलंस?"

ताजबी रडली नाही. "पोरगी बरोबर बोलली होती," एवढंच म्हणाली, आणि तशीच भिकुबाईचा हात धरून सावद्याच्या एसटीसाठी थांब्याकडे निघाली.

संध्याकाळी ती सावद्याहून एकटी परतली. पुलावर बसून भिकुबाईला म्हणाली, "पाया पडत होते मी तिच्या. पाय मागे घेतले तिनं. म्हणाली, अम्मी, गुस्सा नहीं है. पर आपने मेरी आँखों पे भरोसा नहीं किया."

हौशी लोक अजून येतात. माझ्या खांद्याला खांदा लावून हसतात. चिंचांचं कौतुक करतात. त्यांतल्या कोणी हे ऐकत असेल तर सांगते, विनवणी करायची मला सवय नाही. मला पुन्हा खाली, होते तिथं बसवा. ते जमणार नसेल तर छिन्नी आणा आणि माझ्या छातीवरची रेघ आणि बाण तासून काढा. मी दगड म्हणून राहीन.