प्लॅस्टिकखालची मशीनं

विसामने मशीनमध्ये दोरा ओवला, तो खडूने. सफीनाझबाईंनी फळ्यावर काढलेल्या चित्रात तिने वरच्या खिळीपासून सुरुवात केली आणि ताणाच्या चकत्यांमधून, कडीतून खाली, थेट सुईच्या नेढ्यापर्यंत पांढरी रेघ न चुकता आणली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता पायडल."

विसामने बूट जमिनीवर दाबला. मागून कोणीतरी तोंडाने घर्रर्र केलं. "बाई, हिची टीप वाकडी गेली!" सगळा वर्ग खिदळला. विसामही हसली. बाईंना मात्र हसू आलं नाही.

भिंतीपलीकडे, शाळेच्या कार्यशाळेत, कारखान्यात असतात तशी विजेची बारा मशीनं उभी होती. कोणीतरी भेट दिलेली, कोरी करकरीत. दोन वर्षं झाली, त्यांच्यावरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. महल्ला नावाच्या या गावात, जिथे निम्मं गाव कापडगिरण्यांवर जगतं, तिथल्या मुलींच्या तांत्रिक शाळेत मुली फळ्यावर शिवण शिकत होत्या! प्रात्यक्षिकाचे गुणही चित्रावरच मिळत, आणि भरपूर मिळत.

गुरुवारी गावाबाहेरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात चाचणी होती. सरळ टीप घालून दाखवेल तिला शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारी मिळणार होती, आणि संध्याकाळच्या तंत्र संस्थेत कारखान्याच्या खर्चाने दोन वर्षांचं शिक्षणही. विसामला ते हवंच होतं. पंधराव्या वर्षीच्या परीक्षेत गुण कमी पडले, तिला या शाळेत यावं लागलं आणि विद्यापीठाकडे जाणारी वाट तिच्यासाठी बंद झाली. त्या वयात एका उन्हाळ्यात माणसाची लायकी कशी ठरते, हे बाईंना शिक्षिका होऊनही कधी कळलं नव्हतं.

त्या तडक भांडारात गेल्या. भांडारपाल बयूमीकाका चहाच्या पेल्यात पुदिन्याची काडी बुडवत बसले होते.

"काका, चार दिवस कार्यशाळेची किल्ली द्या."

"मुली, माझा जीव माग. किल्ली मागू नकोस."

"जीव घेऊन मी काय शिवू?"

काका हसले, पण खिशावरचा हात काही निघाला नाही. "सगळी मशीनं माझ्या नावावर आहेत. एक सुई जरी कमी भरली तरी निवृत्तीच्या वेळी सही अडेल आणि पेन्शन लटकेल. उन्हाळ्यात मी सुटतोय. तेवढं सुखाने सुटू दे."

"आणि या पोरी कशा सुटणार?"

काकांनी चहात पाहिलं. ते दुष्ट नव्हते, हेच बाईंना जास्त टोचलं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

मुख्याध्यापक रिफअत यांच्याकडे गेल्यावर तेही गोड हसले. "सफीनाझबाई, अगदी वेळेवर आलात. मंगळवारी वरून पाहुणे येतायत. प्लॅस्टिक काढायचं, मुलींना पांढरे कोट घालून मशीनवर बसवायचं. फोटो निघणार आहेत."

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे मशीनं चालू करायची?"

"छे छे! वीज बंदच. हात कापडावर, नजर सुईवर, ओठांवर थोडं हसू. चालू-बिलू काही नाही हं."

बाईंची कानशिलं तापली. बोलायला शब्द पुष्कळ होते. त्यांतला एकही बाहेर आला नाही. नेहमी तसंच व्हायचं.

मंगळवारी बारा मुली बारा मशीनांवर बसल्या. बाकीच्या अठरा जणींना मागच्या भिंतीशी उभं केलं. पाहुणे चार होते. त्यांतले सगळ्यांत मोठे साहेब विसामजवळ थांबले. "वा! काय शिवतेस, बेटा?"

विसामने खाली पाहिलं. मशीनमध्ये दोराच नव्हता. तिने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, नुसती लाज होती. स्वतःची नसलेली लाज त्या पोरीने का वागवावी?

बाईंनी कोटाच्या खिशातून दोऱ्याचं रीळ आणि भरलेलं बॉबिन काढून तिच्यापुढे ठेवलं. "ओव."

"बाई..." मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

"ओव, विसाम. फळ्यावर ओवतेस तसं."

तिने ओवलं. बोटं एकदाही अडखळली नाहीत. बॉबिनही जागच्या जागी बसलं. बाई भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मुख्य बटण दाबलं.

विसामने फळ्यासमोर दाबायची तसाच पाय दाबला, सगळ्या जोराने. चित्रातलं मशीन कधी पळालं नव्हतं. हे पळालं! कापड तिच्या हातांतून ओढलं गेलं, टीप नागासारखी वळवळत गेली, तिच्या कोटाची बाही कापडाला शिवली गेली, खट्‌ आवाज झाला आणि सुई मोडली. मोठे साहेब दोन पावलं मागे उडाले. फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

"लागलं का गं?" बाई धावल्या.

"नाही बाई. पण हे एवढं जोरात धावतं, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही!"

बाईंना सांगता आलं नसतं. फळ्यावर वेग काढता येत नाही.

"कोण जबाबदार याला?" मुख्याध्यापकांचा आवाज चिरकला.

"मी," बाई म्हणाल्या. या खेपेला शब्द बाहेर आला, आणि त्यामागून बाकीचेही. "आणि तुम्ही. आणि हे पाहुणे. दोन वर्षं मशीनं जपली, पोरी वाया घालवल्या. सुई मोडली तर चौकशी, पोरगी मोडली तर कोण विचारतं?"

पाहुणे चहाला गेले.

पाहुण्यांमागे मुख्याध्यापकही गेल्यावर दाराशी उभे असलेले बयूमीकाका पुढे येऊन वाकले. त्यांनी सुईचे दोन्ही तुकडे उचलून रुमालात ठेवले आणि कितीतरी वेळ मशीनकडे पाहत राहिले. बाईंना वाटलं, म्हातारा आता रडणार.

"नादुरुस्त," काका म्हणाले.

"सुई बदलली की चालेल, काका."

"तुला काय कळतंय? मी नादुरुस्त म्हणतो ना! नादुरुस्त मशीन तपासायला वरून समिती येते. ती येईपर्यंत ते कोणाच्याच नावावर नसतं. आणि समिती..." त्यांनी हात आभाळाकडे केला. "माझ्या अगोदरच्या भांडारपालापासून एक पंखा समितीची वाट बघतोय."

काकांनी खिशातून नवी सुई काढली, बसवून दिली आणि उरलेल्या अकरा मशीनांवर एकेक करून पुन्हा प्लॅस्टिक घातलं.

बुधवारी दिवसभर त्या नादुरुस्त मशीनपुढे तीस मुलींची रांग होती. "पाय हळू, गाढवा! अंड्यावर ठेवल्यासारखा ठेव," बाई ओरडत होत्या. प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम दोन-चार टिपा आल्या. दुपारी सगळ्याजणी तामियाचे, म्हणजे डाळीचे, वडे भरलेल्या भाकऱ्या आणायला पळाल्या तेवढ्या वेळात विसाम उपाशीच मशीनवर बसली. संध्याकाळी तिची टीप सरळ आली.

गुरुवारी चौघी निवडल्या गेल्या. विसाम त्यांत होती. धावत येऊन ती बाईंच्या गळ्यात पडली, आणि बाईंनी तिला घट्ट धरलं. पण तिच्या खांद्यावरून त्यांना दारातून आत येणाऱ्या सव्वीसजणी दिसत होत्या. कोणाचे डोळे सुजलेले, कोणी उगाच मोठ्याने हसणारी.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी चौघींचं अभिनंदन केलं. शाळेच्या अद्ययावत कार्यशाळेचं हे फळ आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

बाई रांगेतून निघाल्या आणि सरळ भांडारात गेल्या.

"काका, सुई आहे?"

"किती हव्यात?"

"अकरा."

"एवढ्या कशाला गं?"

"मोडायला," बाई म्हणाल्या.